भिंत कोरी करताना

भावानं पुण्याहून खोकं पाठवलं तेव्हा मला आधी रागच आला. त्यात दोन चादरी होत्या, वहिनीला नको झालेला मिक्सर होता आणि टीव्हीला जोडून खेळायचा एक काळा कन्सोल होता. त्यानं नवा घेतला, म्हणून जुना आमच्याकडे. अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडलांच्या, अंगावरून वारं गेल्याला तेव्हा चार महिने झाले होते. उजवा हात आणि उजवा पाय, दोन्ही ऐकत नव्हते. अशा घरात पोराला पाठवायला सुचलं काय, तर खेळणं. फोनवर म्हणाला, "तू खेळत जा, तेवढाच टाइमपास." मी नवऱ्याचं घर सोडून जुन्या जालन्यातल्या या दोन खोल्यांत परत आले होते. सकाळी बियाण्याच्या गोदामात जाऊन पाकिटांची लेबलं छापायची, दुपारी तीनला घरी येऊन अण्णांचा हात चोळायचा, मायला भाजी निवडू लागायची. यात टाइमपास कुठं कोंबायचा ते त्यानं सांगितलं नाही. खोकं आठवडाभर कॉटखाली पडून राहिलं.

अण्णा पेंटर होते. दारं-खिडक्या रंगवणारे नव्हेत, भिंतींवर जाहिराती लिहिणारे. इकडं मंठ्यापर्यंत, तिकडं केदारखेड्यापर्यंत, रस्त्याकडं तोंड करून जी भिंत उभी असेल ती त्यांची. बियाणं, सिमेंट, पाइप, पाण्याच्या मोटारी, निवडणुकीची चिन्हं. आधी घरमालकाकडं जायचं, त्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि भिंत मागायची. मग चुन्याचे दोन हात. मग निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून टिचकी मारायची, की आरपार सरळ निळी रेघ. त्यावर अक्षरं. शब्दाच्या शेवटच्या अक्षराची काठी ते कधी सरळ सोडायचे नाहीत. खाली जाता जाता तिला जरासा बाक द्यायचे, चालत्या बैलाच्या शेपटासारखा. त्या बाकावरून मी एसटीच्या खिडकीतून त्यांची भिंत ओळखायची.

सही त्यांनी कधी केली नाही. कोपऱ्यात एक खूण करायचे: आडवी रेघ आणि तिच्यावर दोन ठिपके. ही आमच्या आजोबांच्या मेंढरांची खूण. आजोबा कळप घेऊन हिंडायचे, आणि आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी ओळखू यावं म्हणून पाठीवर रंगानं ती खूण असायची. अण्णांनी जन्मात पहिला रंग लावला तो मेंढराच्या पाठीवर. भिंतीचं काम पुरं झाल्याशिवाय ते खूण करत नसत. गिऱ्हाइकानं मधेच मजकूर बदलला, काम अर्धवट राहिलं, तर ती भिंत खुणेवाचून तशीच. "खूण केली म्हंजे काम झालं. मंग मला काही इचारायचं न्हाई," असं म्हणायचे.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. बोर्डावर भावाचं नाव, पुढं 'आर्ट्स'. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण बोर्ड लागला तो तो जन्मल्यावर. त्याच्या सायकलच्या मडगार्डवर त्याचं नाव होतं, पाटीवर होतं, पुढं हेल्मेटवरही आलं. दहा वर्षांची असताना मी अण्णांना विचारलं होतं, माझं कुठंच का नाही लिहिलं. ते ब्रश धूत होते. म्हणाले, "पोरीचं नाव भिंतीवर लिहायचं नसतंय बाई. येणारे-जाणारे काय बी बोलतात." कारण खरंच होतं. आमच्या शाळेच्या भिंतीवर पोरींची नावं कोण लिहितं आणि कशासाठी, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. पण कारण खरं असलं म्हणून राग जातो असं नाही. तो मी जपून ठेवला, लग्नात नेला आणि परत घेऊन आले.

मग फ्लेक्स आले. अर्ध्या तासात मशीनमधून बोर्ड निघायला लागल्यावर चुना मारून तीन दिवस भिंतीसमोर उभं राहणारा माणूस कुणाला हवा असणार. दुकान बंद झालं, बोर्ड घरी येऊन कपाटामागं उभा राहिला. अण्णा अंगणातल्या भिंतीवर सराव करत राहिले. कशाचा सराव, ते मी विचारलं नाही. पुढं फाल्गुनात एका सकाळी ब्रश त्यांच्या हातातून पडला आणि उचलायला वाकले ते उठलेच नाहीत.

एका दुपारी, अण्णा झोपलेत असं समजून, मी कन्सोल जोडला. त्यात चार-पाच खेळ होते. एक असाच उघडला. समुद्राकाठचं परदेशी शहर, सगळं भडक रंगाचं, माणसांना आणि घरांना जाड काळी कडा, बोर्डावरच्या अक्षरांना असते तशी. पायात चाकांचे बूट घातलेली पोरंपोरी जिन्याच्या कठड्यावरून, बसच्या टपावरून घसरत सुटायची, आणि जिथं बाण दिसेल तिथं थांबून रंगाचा डबा फवारून भिंतीवर चित्र काढायची. मागं पोलीस. आधी नुसते शिट्टी मारणारे, मग कुत्रेवाले, मग हेलिकॉप्टर. गाणी अशी, की मांडी घालून बसलं तरी पाय हलावा. मला खेळ आवडला. कुणाला न विचारता इतक्या जोरात कुठं जाऊन मला कितीतरी वर्षं झाली होती.

मागून आवाज आला, "चुना न मारता?"

अण्णा जागे होते. दुखण्यानंतर त्यांचं बोलणं जड झालं होतं, शब्द मोजके यायचे. "भिंत कुणाची हाय ती? इचारलं का त्यांनी?"

"खेळ आहे अण्णा."

"खेळ असला म्हून काय झालं. खालचं चित्र वरून दिसून राह्यलं ना. दोन पावसांत फुगून येईल समदं."

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनीच मायला सांगून कॉट टीव्हीकडं वळवून घेतली.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो अण्णांनी डाव्या हातानं मोरीत भिरकावला होता. मी काय लहान लेकरू हाय का म्हणून. खेळाचा रिमोट मात्र धरला. आम्ही काम वाटून घेतलं. पळायचं मी, रंगवायचं त्यांनी. मी घसरत, उड्या मारत भिंतीपर्यंत न्यायची आणि रिमोट त्यांच्या दोन्ही हातांत ठेवायची. पडद्यावर बाण दिसतील तशी डाव्या अंगठ्यानं दांडी फिरवायची, उजव्या अंगठ्यानं बटण दाबून धरायचं. पहिले पंधरा दिवस उजवा अंगठा नुसता ठेवलेला असायचा, वरून माझं बोट दाबायचं. एक दिवस मी मायच्या हाकेला ओ द्यायला वळले, बोट काढलं, तरी फवारा चालूच होता. अण्णांच्या ते लक्षातही आलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन मायला सांगितलं आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून रडलो.

भिंत ते निवडायचे. "ही नको. ही बोळीत हाय, कोण बघणार. ती घे, वळणावरची. बस वळली की डायव्हरसकट समद्यांला दिसंल." पोलिसांचा त्यांना फार वैताग. "एवढं पळण्यापरीस त्या हवालदाराला एक चहा पाजायचा. बिलकुल काही म्हणत न्हाई तो." मी म्हणायची, तिकडचे पोलीस चहा पीत नसतील. ते म्हणायचे, हवालदार समदीकडं एकच.

मग आम्हांला खेळातली चित्रं काढायची खोली सापडली. तिथं बारीक चौकोन भरून आपल्या मनाचं चित्र करता यायचं आणि मग तेच शहरातल्या भिंतींवर उमटायचं. अशी आठ चित्रं ठेवायला आठ जागा होत्या. पहिला 'म' करायला अण्णांना चार दिवस लागले. तीन वेळा पुसला, त्याची गाठ जमली नाही म्हणून माझ्यावर चिडले. पंधरवड्यानं त्या समुद्राकाठच्या शहरात, काचेच्या उंच इमारतीखाली, लाल अक्षरांत लिहिलं गेलं: पाण्याच्या मोटारी मिळतील. खाली आडवी रेघ आणि दोन ठिपके.

माय म्हणाली, "तिथल्या लोकांला मोटार लागती का पर?"

"लागंल," अण्णा म्हणाले.

त्या पावसाळ्यात आमच्या घरात हसू होतं ते एवढंच, पण होतं.

भाद्रपदात त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेत होते. मंठ्याच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या, कापसाच्या जिनिंगची लांबलचक भिंत होती. अण्णांची माझ्या माहितीतली शेवटची. बाकीच्या रस्ता रुंद करताना पडल्या, नाहीतर त्यांच्यावर टाइल्स बसल्या. त्या दिवशी तिथं दोघे जण रोलरनं रंग फासत होते. अर्ध्या भिंतीवर सूर्य उगवला होता, झाडं आली होती, स्वच्छतेचा मजकूर आला होता. उरलेल्या अर्ध्यात अण्णांचा 'बियाणे' मधला 'णे' आणि त्याचा बाक तेवढा दिसत होता. मी रिक्षा थांबवायला सांगितली. ते नको म्हणाले. पुढं गेल्यावर म्हणाले, "चुना मारला न्हाई त्यांनी," आणि डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर गोळ्यांच्या आधी त्यांनी रिमोट मागितला. मला तेव्हा कळलं, की आता त्यांची अक्षरं जगात फक्त या काळ्या डब्यात आहेत. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "अण्णा, इथली भिंत कुणी पाडणार नाही आणि कुणी तिच्यावर रोलर फिरवणार नाही."

आश्विनात नवरात्र बसलं. आमच्याकडं खंडेनवमीला ब्रशांची पूजा असते. त्याच्या आदल्या दिवशी अंगणातली सरावाची भिंत चुन्यानं कोरी करायची आणि नवमीला अण्णांनी तिच्यावर नवं पहिलं अक्षर काढायचं, असा रिवाज. कोरी करण्याचं काम मी सात वर्षांची होते तेव्हापासून माझं. ज्याची अक्षरं त्यानं पुसायची नाहीत, हा अण्णांचा नियम. दुसरा नियम मला शिकवलेला: "वाचत बसायचं न्हाई. वाचलं की हात थांबतो, अन् हात थांबला की डाग पडतो." म्हणून मी भिंतीकडं नीट न बघता, वरून खाली, वरून खाली, कुंचा ओढत सुटायची. वर्षभराचं सगळं अर्ध्या तासात पांढरं. लग्नाच्या आठ वर्षांत हे काम मी नव्हते म्हणून मायनं केलं, आणि डाग पाडले असं अण्णा मला फोनवर सांगायचे.

त्या वर्षी अंगणातल्या भिंतीपर्यंत अण्णांचा हात पोचणार नव्हता. अष्टमीच्या संध्याकाळी न्हावी त्यांची दाढी करायला आला होता. माय त्यांना धरून अंगणात बसली होती. घरात मी एकटी. मला वाटलं, आता त्यांची भिंत ही आहे, तर हीच कोरी करून द्यावी. उद्या सकाळी त्यांना सगळं पांढरं सापडेल आणि माझ्या लक्षात होतं म्हणून बरं वाटेल. मी ती खोली उघडली. सगळं एकदम पुसायची सोय होती. खेळानं विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. मी सवयीनं पडद्यावरून नजर बाजूला घेतली, वाचायचं नाही म्हणून, आणि हो म्हटलं. नंतर मोरीत जाऊन हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

नवमीला पाटावर ब्रश मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. ब्रशांच्या शेजारी मी रिमोटही ठेवला. अण्णांनी धुतलेला सदरा घालून घेतला होता आणि त्यांना धीर धरवत नव्हता. आरती संपते न संपते तोच म्हणाले, "बस इथं. आज मी सांगतो तिकडं ने. जल्दी."

त्यांनी सांगितलं तशी मी गेले. पुलावरून उजवीकडं, उंच जिन्याच्या खाली, बस वळते तिथली मोठी भिंत. भिंतीवर जीभ बाहेर काढलेला एक चेहरा होता. खेळाचं स्वतःचं चित्र, आपण काही काढलं नसेल तिथं येणारं. अण्णा बघत राहिले. "दुसरी असंल," म्हणाले. मी दुसऱ्या भिंतीवर नेलं. तिथंही तोच चेहरा, तीच जीभ.

"अण्णा, काल मी सगळी कोरी केली," मी म्हणाले. मला शाबासकी हवी होती. "नवमी ना आज."

माय देवापाशी वाकली होती, ती तशीच थांबली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "वाचलंस का?"

"नाही. वाचायचं नसतं ना."

त्यांनी पुन्हा पडद्यावरच्या त्या जिभेकडं पाहिलं. मग म्हणाले, "बराबर केलंस."

त्यांनी रिमोट घेतला, खोली उघडायला सांगितली आणि पहिल्या कोऱ्या जागेत 'श्री' काढायला घेतला. रेघ थोडी आली आणि अंगठा थांबला. रिमोट मांडीवर ठेवून म्हणाले, राहू दे. आणि मी, मी त्यांना वर बोलले. इतक्या लवकर कंटाळलात होय, चेंडूसारखं याचंही करणार का, असं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

त्यानंतर त्यांनी रिमोट धरला नाही. अंगठा पुन्हा गेला, मग बोलणं गेलं. मार्गशीर्षात दुसरा झटका आला आणि आठव्या दिवशी अण्णा गेले.

तेरावं झाल्यावर भाऊ पुण्याला निघाला. कपाटामागचा दुकानाचा बोर्ड त्यानं पुसून बाहेर काढला, आठवण म्हणून नेतो म्हणाला. मी म्हणाले, "ने की. तुझंच नाव आहे त्यावर. माझं कुठं कधी लिहिलं होतं, की मी काही नेऊ." त्याची काही चूक नव्हती, बोर्ड लागला तेव्हा तो पाळण्यात होता. तो गेल्यावर माय उंबऱ्याशी बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तुजं बी लिवलं व्हतं."

मला आधी कळलंच नाही. ती सांगत गेली. मी कामावर गेले की सकाळी अण्णा टीव्ही लावायला सांगायचे. पुरा एक महिना लागला. आठवी जागा त्यांनी माझ्या नावासाठी राखली होती.

"मला म्हनले, ते आपलं गाव न्हाई. तिथं पोरीचं नाव लिवलं तरी कुणी काही बोलणार न्हाई."

"पण त्यांना पळता येत नव्हतं. भिंतीवर कसं गेलं?"

"म्या नेलं," माय म्हणाली. तिनं जन्मात मोबाइल धड धरलेला नाही. "पडत-झडत नेलं. चार डाव त्या पोलिसानं धरलं. पाचव्या डावाला, आष्टमीच्या सकाळी, पोचले. वळणावरची भिंत पाह्यजे म्हनले, तीच पाह्यजे."

"पुरं झाल्तं का?" मी विचारलं. कसं कोण जाणे, तेव्हा माझ्याही तोंडून घरचंच बोलणं निघालं.

"खूण केल्ती की. आडी रेघ अन् दोन ठिपके. नवमीला तुला दाखवणार व्हते."

"मग तू बोलली का नाहीस? त्या दिवशी तरी?"

"बोलू देलं न्हाई त्यांनी. म्हनले, तिची काही चूक न्हाई. वाचायचं न्हाई हे मीच शिकिवलं तिला."

कन्सोल अजून आहे. भावाला हवा आहे का विचारलं नाही आणि तो मागणार नाही. मी त्या आठव्या जागेत माझं नाव लिहून पाहिलं आहे, पुष्कळ वेळा. ते लेबलावर छापल्यासारखं सरळसोट येतं. शेवटच्या काठीला बाक देता येत नाही मला. दिला तर ती मोडल्यासारखी दिसते. जपून न ठेवताच मी बाहेर पडते.

कधी दुपारी तीनला घरी आले आणि लाइट असली की खेळ लावते. पुलावरून उजवीकडं घेते, जिन्याखाली जाते, वळणाशी थांबते. माय पोळ्यांचं पीठ मळता मळता बाहेर येते आणि हात न धुता पडद्याकडं बोट करते. "हितं," म्हणते. "हितून सुरू व्हतं अन् पार तितवर. लाल रंगात." शेवटचं अक्षर कसं होतं विचारलं, की पिठाचं बोट हवेत वरून खाली आणते आणि खाली आल्यावर जरासं वळवते. माझं नाव भिंतीवर लिहिलेलं पाहिलेली ही एकच बाई आता उरली आहे, आणि तिला वाचता येत नाही.

तेवढ्यात शिट्ट्या ऐकू येतात. माय म्हणते, "पळ, आले बघ." मी पळत नाही. धरून नेईपर्यंत तिथंच उभी राहते.